कोची: नऊ जण, तीन पिढ्या, पाच दिवस. कसं बसवायचं?

तापीकाठ (चोपडा)

नमस्कार मंडळी. जानेवारीअखेर घरातल्या सगळ्यांनी मिळून कोचीला जायचं ठरतंय. सासरे ७६ वर्षांचे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सपाटीवर अर्धा तास चालतात, जिना मात्र कठडा धरून आणि सावकाश. सासूबाई ७१, पूर्ण शाकाहारी. आम्ही दोघं, दीर-जाऊबाई आणि मुलं तीन: १४ वर्षांची मुलगी (चित्रकलेचं वेड, तिच्यामुळेच कोची निघालं), ९ वर्षांचा मुलगा आणि ३ वर्षांची धाकटी.

डोक्यात असं आहे: गुरुवारी २२ जानेवारीच्या रात्री मंगला एक्स्प्रेसने निघायचं, शनिवारी २४ ला सकाळी पोचायचं, बुधवारी २८ ला परत फिरायचं. २६ तारखेची सुट्टी मधे येते, म्हणून मुलांची शाळा कमी बुडेल. शनिवारी मट्टांचेरीचा राजवाडा आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), रविवारी बिएनाले (कोचीचं मोठं कलाप्रदर्शन), सोमवारी हाउसबोटीवर मुक्काम, मंगळवारी कथकली आणि खरेदी.

विचारायचं ते असं. गाडीत आईबाबांना खालचे बर्थ हमखास कसे मिळतील? राहायचं एर्नाकुलमला (स्टेशनाच्या बाजूला) की फोर्ट कोचीला (समुद्राकाठच्या जुन्या भागात)? नऊ जणांना फिरायला टेम्पो ट्रॅव्हलर करावी का? आणि जेवणाचं काय? खोबरेल तेलाचं नाव काढलं तरी घरात चर्चा सुरू होते.

भुसावळ_जंक्शन

ताई, गाडीपुरतं मी सांगतो.

१२६१८ मंगला लक्षद्वीप निजामुद्दीनहून पहाटे सुटते आणि आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमाराला येते. इथेच लोक फसतात. भुसावळची वेळ बाराच्या आत आणि जळगावची बाराच्या पुढे असेल तर तिकिटावरची तारीख एका दिवसाने बदलते. '२२ ची रात्र' म्हणून २२ तारखेचं तिकीट काढलं आणि गाडी १२ वाजून काही मिनिटांनी असली, तर तुम्ही स्टेशनवर पोचेपर्यंत तुमची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. बुकिंग करताना स्टेशन निवडल्यावर समोर पोचण्याची तारीख येते. ती '२४ जानेवारी, एर्नाकुलम जंक्शन' अशी आहे का, एवढं पाहा. तेच खरं.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि ते दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. दिल्लीहून २२ जानेवारीला सुटणारी गाडी हवी, म्हणजे २३ नोव्हेंबर, सकाळी ८. बुकिंग उघडल्यावर सुरुवातीला फक्त आधार पडताळलेल्या खात्यांनाच ते करता येतं, तेव्हा ते काम आजच उरका. सुट्टीला जोडून असलेल्या तारखा फार वेळ शिल्लक राहत नाहीत.

आता बर्थ. नऊ जणांचं एकत्र काढायला जाऊ नका. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा जो वेगळा कोटा आहे तो ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांना मिळतो, पण तिकिटावर एकटेच किंवा असे दोघेच असतील तर. त्यांच्याबरोबर तिकिटावर तरुण माणूस घातला की कोटा लागू होत नाही. म्हणून आईबाबांचं तिकीट वेगळं, 'लोअर बर्थ / सीनियर सिटिझन' कोट्यातून. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात. तुम्ही चौघं मोठे आणि वरची दोन मुलं असे बरोबर सहा होतात. धाकटी पाच वर्षांखालची, तिला बर्थ नको असेल तर भाडं नाही आणि ती सहांत मोजली जात नाही. नाव मात्र तिकिटावर घाला. नऊ वर्षांच्या मुलाला बर्थ घ्याच. अर्ध्या भाड्यात बर्थ मिळत नाही आणि तीसेक तासांच्या प्रवासात एका बर्थवर दोघं म्हणजे दोघांचीही झोप गेली.

दोन तिकिटं म्हणजे दोन डबे लागण्याची शक्यता आहे. दोन्ही तिकिटं एकाच वर्गाची घ्या, म्हणजे डबे आतून जोडलेले राहतात. मग एका मोठ्याने आईबाबांच्या डब्यातल्या प्रवाशाशी बर्थ बदलून घ्यायचा आणि टीटीईला तसं सांगून ठेवायचं.

जळगावला थांबा दोन-तीन मिनिटांचाच. रात्रीची वेळ, गुडघ्याचा माणूस, झोपलेलं मूल आणि सामानाचे आठ-दहा डाग असतील तर चढायला भुसावळ बरं. चोपड्याहून पंचवीसेक किलोमीटर जास्त पडतील, पण गाडी जास्त वेळ थांबते आणि धावपळ होत नाही.

एक चांगलं झालं: तुमच्या तारखा मकरज्योतीच्या नंतरच्या आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून १४ जानेवारीपर्यंत शबरीमलाच्या यात्रेकरूंमुळे केरळच्या गाड्या ओसंडून वाहतात.

पांझरा_ते_पेरियार (मूळ शिरपूर, मुक्काम एर्नाकुलम)

ताई, सगळ्यात आधी तुमचा शनिवार बदला. मट्टांचेरीचा परदेसी सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद असतो, राजवाडा शुक्रवारी बंद. शनिवारी सकाळी उतरून थेट सिनेगॉगला गेलात तर बंद दारासमोर फोटो काढून परत यावं लागेल. मट्टांचेरी मंगळवारी ठेवा. रविवार-सोमवार लागून सुट्ट्या असल्यामुळे तिथल्या ज्यू टाउनच्या गल्लीत गर्दीमुळे पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी सगळं उघडं आणि मोकळं.

राहायचं फोर्ट कोचीलाच, यात दुसरं मत नको. कारण साधं आहे. तीन पिढ्यांना दिवसभर एकत्र फिरवणं जमत नाही. सकाळी दोन-अडीच तास सगळे मिळून, मग आजी-आजोबा आणि धाकटी खोलीवर, बाकीचे पुढे. संध्याकाळी पुन्हा सगळे एकत्र. हे तेव्हाच जमतं जेव्हा खोली रिक्षाने पाच मिनिटांवर असते. एर्नाकुलमला राहिलात तर रस्त्याने एका वेळचं अंतर १२-१३ किलोमीटर आणि मधे पुलांवरची कोंडी. थकलेल्या माणसालाही संध्याकाळपर्यंत बाहेरच बसावं लागतं आणि मग सगळ्यांचाच चेहरा उतरतो.

फोर्ट कोचीत घराघरांत होमस्टे आहेत. पर्यटन खातं त्यांना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर असे दर्जे देतं. तुम्हाला चार खोल्या एकाच घरात मिळाल्या तर स्वयंपाकघर, अंगण, मुलांची ये-जा सगळं सोपं. पण जुनी घरं आहेत ही. जिने लाकडी, अरुंद आणि उभे, उंबरे उंच. फोनवर 'लिफ्ट आहे का' विचारून उपयोग नाही, बहुतेक ठिकाणी नसतेच. विचारायचं ते हे: तळमजल्यावर किमान एक खोली आहे का, त्या खोलीत कमोड आहे का, बाथरूमला पायरी आहे का, गाडी दारापर्यंत येते का. जिन्याचा आणि बाथरूमचा फोटो मागवा. पलंगाचे फोटो सगळेच पाठवतात. मच्छरदाणी किंवा जाळीच्या खिडक्या आहेत का तेही विचारा. कोचीचे डास संध्याकाळी सहापासून कामाला लागतात.

टेम्पो ट्रॅव्हलर रोज नको. फोर्ट कोचीच्या गल्ल्यांत ती वळत नाही, उभी करायला जागा नसते आणि भाडं मात्र दिवसाचं चालू राहतं. स्टेशनवर आणायला-सोडायला आणि एखाद्या लांबच्या दिवसाला तेवढी करा. आत तीन रिक्षा. रिक्षावाला 'फक्त पाच मिनिटं बघा' म्हणून मसाल्याच्या किंवा हस्तकलेच्या मोठ्या दुकानात नेऊ लागला तर सरळ नाही म्हणा. तिथे त्याचं कमिशन असतं आणि तुमचा पाऊण तास जातो.

पाण्यावरचा प्रवास वॉटर मेट्रोने करा. बोट वातानुकूलित आणि फोर्ट कोची ते हायकोर्ट (एर्नाकुलमचा धक्का) वीसेक मिनिटं. धक्का तरंगता आहे. भरती असो की ओहोटी, तो बोटीबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे पाय सपाट जमिनीवरून सपाट बोटीत पडतो. काकांच्या गुडघ्याला हाच फरक महत्त्वाचा. सरकारी साधी फेरी बोट खूप स्वस्त आहे, मुलांना आवडेलही, पण तिथे हलत्या काठावर पाय टाकून चढावं लागतं. रविवारी आणि सव्वीस तारखेला वॉटर मेट्रोला लांब रांग असेल. सकाळी दहाच्या आत किंवा सरळ मंगळवारी. ऑक्टोबर २०२५ पासून मट्टांचेरीलाही टर्मिनल झालंय.

रंगपेटी (धुळे)

तुमच्या लेकीसाठी लिहितोय.

यंदाचं बिएनाले सहावं, १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६. पहिलं १२-१२-१२ ला सुरू झालं होतं. या वेळी मांडणी निखिल चोप्रा आणि गोव्याच्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारांच्या संस्थेची आहे. चोप्रा स्वतः परफॉर्मन्स करणारे कलाकार, त्यामुळे ठरावीक वेळेला घडणाऱ्या गोष्टी यंदा जास्त आहेत. भिंतीवरचं चित्र केव्हाही दिसेल, पण सादरीकरण चार वाजता असेल तर पाचला गेल्यावर रिकामी जागाच दिसते. त्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहून मगच क्रम लावा.

जागा विखुरलेल्या आहेत: फोर्ट कोची, मट्टांचेरी, विलिंग्डन बेट, एर्नाकुलम. सगळं एका दिवसात पाहायचा हट्ट धरू नका. पूर्ण कुटुंबाने एकच मोठी जागा, दोन तास, सकाळी उघडल्याबरोबर. ही जुनी मसाल्यांची आणि काथ्याची गोदामं आहेत. दुपारी आत कोंडतं. व्हिडिओच्या खोल्या अगदी काळोख्या असतात, जमीन उंचसखल आणि कधी वायरी आडव्या. काकांना अशा खोलीत नेण्याआधी एकाने पुढे जाऊन पाहावं. स्वयंसेवकांना खुर्ची मागितली तर देतात, संकोच करू नका. उरलेल्या जागा मुलीने एका मोठ्या माणसाबरोबर दुपारी बघाव्यात. तिला कॅमेऱ्याऐवजी वही-पेन्सिल द्या. प्रत्येक जागेत फक्त तीन कामं निवडायची आणि त्यांसमोर बसून काढायची, असं सांगा. लहानासाठी बिएनालेचा 'आर्ट बाय चिल्ड्रन' हा उपक्रम असतो. तुमच्या तारखांना कार्यशाळा आहे का ते बघा.

पण मला विचाराल तर या सहलीतलं सर्वांत मोठं चित्र मट्टांचेरीच्या राजवाड्यात आहे. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिलेला, पुढे डचांनी डागडुजी केली म्हणून 'डच पॅलेस' म्हणतात. राजाच्या शयनघराच्या भिंती रामायणाने भरलेल्या आहेत. दशरथाच्या यज्ञापासून प्रसंग सुरू होतात, आणि मधे मोकळी भिंत जवळजवळ सोडलेलीच नाही. गेरूचा लाल, पिवळी माती, हिरवा, काजळीचा काळा आणि चुन्याचा पांढरा, एवढ्यात सगळं. तुमच्या सासऱ्यांना रामायण पाठ असेल तर त्यांनाच गाईड करा. ते प्रसंग ओळखतील आणि मुलं ऐकतील. आत फोटो काढता येत नाहीत, तेव्हा तिथेही वहीच. दालनं वरच्या मजल्यावर आहेत आणि जिना चढावाच लागतो. काकांना सकाळी, पाय ताजे असताना न्या. दुपारी एकच्या सुमाराला जेवणाची सुट्टी असते, म्हणून बारा वाजता पोचण्यात अर्थ नाही.

जमलं तर जायच्या आधी एका रविवारी मुलीला अजिंठ्याला नेऊन आणा (सोमवारी लेणी बंद). आपल्या इतक्या जवळ आहे आणि दोन्हीकडे सुकलेल्या गिलाव्यावर रंग चढवलाय. अजिंठ्याचा गिलावा मातीचा आणि वर चुन्याचा पातळ हात, मट्टांचेरीचा चुना-वाळूचा. अजिंठ्यात माणसांभोवती हवा खेळते, इथे आकृत्या एकमेकींना खेटून उभ्या. हे दोन्ही महिनाभराच्या आत पाहिलेल्या मुलीला वेगळं शिकवावं लागत नाही.

कथकली मंगळवारपर्यंत लांबवू नका, पहिल्याच संध्याकाळी घ्या. फोर्ट कोचीत पर्यटकांसाठीचे प्रयोग साधारण सहाला सुरू होतात, पण रंगभूषा पाचपासून प्रेक्षकांसमोरच चालते आणि तीच चुकवू नये. कलाकार आडवा पडलेला असतो आणि दुसरा माणूस त्याच्या जबड्याच्या कडेने तांदळाच्या पिठाच्या लगद्याने पांढरी झालर चढवत असतो. तिला चुट्टी म्हणतात. हिरवा चेहरा धीरोदात्त नायकाचा, हिरव्यात लाल पट्टे आणि नाकावर पांढरा गोळा आला की रावणासारखा गर्विष्ठ. शेवटी डोळ्याच्या खालच्या पापणीत एक बारीकसं बी ठेवतात, वांग्याच्याच कुळातल्या झाडाच्या फुलातलं. थोड्या वेळात डोळे लालभडक होतात. धाकटीला मात्र कडेच्या खुर्चीवर बसवा. चेंडा (तिकडचा ढोल) कडाडला की त्या वयाची मुलं घाबरतात, आणि मधल्या रांगेतून बाहेर पडणं अवघड.

कळण्याची_भाकरी

जेवणाचं टेन्शन घेऊ नका ताई.

गाडीत पहिल्या दिवसाला दशम्या, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. दशमी दुधात भिजवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत संपवा. कोकण किनारा लागला की हवा दमट होते, आपल्याकडे दोन दिवस टिकणारी वस्तू तिथे टिकत नाही. ठेचा कोरडा परतून घ्या. बिबड्या आणि पापड हवाबंद डब्यात, नाहीतर मऊ पडतात.

तिकडे सकाळचा नाश्ता सगळ्यांना चालेल असा: अप्पम आणि व्हेज स्ट्यू (नारळाच्या दुधातलं, अजिबात तिखट नाही, धाकटीला उत्तम), पुट्टू-कडला (वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि काळे चणे), इडियप्पम (तांदळाच्या शेवया). दुपारी केळीच्या पानावरची शाकाहारी थाळी. अवियल (मिश्र भाजी), तोरण (खोबरं घातलेली सुकी भाजी), परिप्पू (वरण) हे सगळं सासूबाईंना चालेल. दोन गोष्टी आधी सांगून ठेवायच्या. भात मागताना 'व्हाइट राइस' म्हणा. न सांगता जो येतो तो मट्टा, जाड लालसर दाण्याचा, म्हाताऱ्या माणसांना जड पडतो. आणि पिण्याचं पाणी कोमट आणि गुलाबी येईल. ते गढूळ नाही. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं असतं, उकळलेलं म्हणून उलट जास्त निर्धोक.

कोची बंदराचं गाव, त्यामुळे बऱ्याच हॉटेलांत मासे आणि भाजी एकाच स्वयंपाकघरात. सासूबाईंना ते चालत नसेल तर बोर्डावर 'प्युअर व्हेज' पाहूनच आत जा. पोळीची आठवण आलीच तर मट्टांचेरीचा गुजराती रोड आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली गुजराती वस्ती, फुलका-भाजी, फरसाण, मिठाई सगळं मिळतं. तिथल्याच जैन मंदिरात दुपारी बाराच्या सुमाराला कबुतरांना दाणे टाकतात, मुलांना दाखवा. होमस्टेवाल्याला आदल्या दिवशी सांगितलं तर खोबरेलऐवजी दुसऱ्या तेलात करून देतात. सांगायला हवं मात्र, ऐनवेळी जमत नाही.

गरम कपडे नकोत. जळगावात जानेवारीची रात्र १०-१२ अंशांची, तिथे रात्रीही २३ च्या खाली फारसं जात नाही, दिवसा ३१-३२. घाम मात्र आपल्या उन्हाळ्यासारखा वाळत नाही, अंगावरच राहतो. प्रत्येकाला रोजचे दोन सुती जोड धरा.

तापीकाठ (चोपडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारचं लक्षातच आलं नव्हतं. आधार पडताळणी आज करून टाकली.

दोन गोष्टी राहिल्या. हाउसबोटीवर रात्रीचा मुक्काम करावा का? दीर आग्रही आहेत. आणि सासूबाईंना देवदर्शन हवंय, बाबांना शर्ट काढावा लागतो म्हणतात, खरं का?

पांझरा_ते_पेरियार (मूळ शिरपूर, मुक्काम एर्नाकुलम)

हाउसबोट: माझं मत नको असं. तीन कारणं. एक, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोटी काठाला बांधून ठेवतात, कारण रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असतात. म्हणजे मुक्काम उभ्या बोटीतच. दोन, बऱ्याच बोटींत एसी फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा चालतो, ते आधी विचारलं नाही की वाद होतात. तीन, तीन वर्षांचं मूल. डेकचे कठडे त्यांच्या उंचीला पुरत नाहीत आणि लहान मापाचं लाइफ जॅकेट प्रत्येक बोटीवर असेलच असं नाही. शिवाय हाउसबोटी अलप्पुळ्याला, आणि कोची-अलप्पुळा रस्त्यावर अरूर ते थुरवूर उन्नत महामार्गाचं काम चाललंय, पन्नासेक किलोमीटरला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. काकांचा गुडघा त्या गाडीत आखडून जाईल.

त्याऐवजी कुंबळंगीला अर्धा दिवस जा. फोर्ट कोचीपासून जवळ, सपाट गाव, वल्ह्याची नाव, खेकड्यांची शेती, काथ्या वळण्याचं काम. नावेत चढताना काकांना मधल्या फळीवर बसवा, काठावर नको. दिरांचा आग्रहच असेल तर त्यांनी आणि मोठ्या मुलांनी अलप्पुळ्याला दिवसाची शिकारा फेरी करून यावं, बाकीच्यांनी समुद्राकाठी बसावं.

समुद्राकाठची चिनी जाळी संध्याकाळी सगळ्यांनाच आवडतील. लांब तुळई, मागच्या टोकाला दोरांनी टांगलेले दगड आणि चार-पाच माणसं मिळून जाळं वर उचलतात. 'या, ओढून बघा' म्हणून बोलावतात. मुलांना ओढू द्या, पण पैसे किती ते आधी ठरवा. तिथल्या पाण्यात उतरू नका, पोहायचा किनारा नाही तो.

देवळांचं खरं आहे. बहुतेक देवळांत पुरुषांना मुंडू किंवा धोतर आणि उघडं अंग, बायकांना साडी चालते. मुलाला छोटा मुंडू तिथेच मिळेल. एर्नाकुलमचं शिवमंदिर दरबार हॉलच्या मैदानाला लागूनच आहे, म्हणून त्या दिवशी वॉटर मेट्रोने हायकोर्ट, तिथून रिक्षा, असं करा: सासूबाईंचं दर्शन, लेकीचं दरबार हॉलमधलं प्रदर्शन, दोन्ही एका फेरीत. देवळं सकाळी अकराच्या सुमाराला बंद होतात ती चारनंतर उघडतात. चोट्टाणिक्कराची भगवती करायची असेल तर तेवढ्यासाठी एक सकाळ आणि गाडी लागेल.

मग क्रम असा बसतो: शनिवारी पोचून आराम आणि संध्याकाळी कथकली. रविवारी सकाळी बिएनालेची एक जागा (सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये सकाळी प्रार्थना असते, ते दुपारनंतर बघा, वास्को द गामाला १५२४ मध्ये तिथेच पुरलं होतं, पुढे अस्थी लिस्बनला नेल्या). सोमवारी गर्दीच्या भानगडीत न पडता कुंबळंगी. मंगळवारी सकाळी राजवाडा, मग सिनेगॉग. तिथे चपला बाहेर काढतात, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. खाली पाहायला विसरू नका: निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हाताने रंगवलेल्या आहेत आणि एकसारख्या दोन नाहीत असं सांगतात. दुपारनंतर एर्नाकुलम.

भुसावळ_जंक्शन

परतीची १२६१७ दुपारी एर्नाकुलम जंक्शनहून सुटते, एर्नाकुलम टाउनहून नाही. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, चालकाला 'साउथ' म्हणून सांगा. फोर्ट कोचीहून अडीच तास आधी निघा. अचानक हरताळ जाहीर झाला तर रिक्षा-टॅक्सी बंद होतात. तसं कळलं तर आदल्या रात्रीच स्टेशनजवळ मुक्कामाला जा. परतीचं बुकिंग २८ जानेवारीचं, म्हणजे २९ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता. तेही आईबाबांचं वेगळं, बाकी सहांचं वेगळं.